कॅल्क्युलेटरचा शून्य आणि भिंतीवरचा चेंडू

प्रमाणशास्त्राच्या चर्चेत आज आपण एक यंत्र परीक्षणाला घेणार आहोत: टीआय-८४ प्लस. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सनं २००४ मध्ये आणलेला हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मुलांच्या हातात सर्रास दिसतो आणि तिथल्या एपी फिजिक्सच्या परीक्षेला चालतो. आपल्या बारावीच्या फिजिक्सच्या पेपरवर मात्र लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही, अशी सूचना छापलेली असते. लॉग टेबल म्हणजे दुसऱ्या कुणी करून ठेवलेला हिशेबच की! त्याला कुणी आळस म्हणत नाही. तेव्हा यंत्रानं डोकं गंजतं ही नेहमीची तक्रार आपण बाजूला ठेवू. आपला प्रश्न असा की, तयार बटणानं दिलेल्या उत्तराला ज्ञान कधी म्हणायचं?

एक साधं गणित घेऊ. ३० मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला २० मीटर वेगानं सरळ वर फेकला. जमिनीवर कधी पडेल? हवेचा विरोध सोडून देऊ. समीकरण भरायचं, ३० + २०X − ४.९X², आणि आलेख काढायचा. नेहमीच्या चौकटीत, म्हणजे दोन्ही अक्षांवर −१० ते १०, पडद्यावर फक्त दोन जवळजवळ उभ्या रेघा दिसतात. डोंगराचा माथा चौकटीबाहेर गेलेला असतो. चौकट नीट लावायची तर चेंडू साधारण ५० मीटरपर्यंत जाणार हा अंदाज आधी आपल्याला हवा. मग ‘झीरो’ ही आज्ञा द्यायची. ती तीन गोष्टी विचारते: डावी हद्द, उजवी हद्द आणि तुमचा अंदाज. उजवीकडे शोधलं तर ५.२५ सेकंद मिळतात, डावीकडे शोधलं तर −१.१७. यंत्राच्या लेखी दोन्ही सारखेच.

पोरं ऋण उत्तरावर काट मारून मोकळी होतात. पण त्यालाही अर्थ आहे. हाच चेंडू १.१७ सेकंद आधी जमिनीवरून सेकंदाला ३१.४ मीटर वेगानं फेकला असता, तर गच्चीपाशी तो नेमका आपल्या चेंडूसारखाच, त्याच वेगानं वर जाताना दिसला असता. दोन मुळांपैकी आपला प्रश्न कोणत्या मुळाचा, हे यंत्र ठरवत नाही, तुम्हाला ठरवायला लावतं. ही आज्ञा आम्हाला म्हणूनच आवडते. शिष्यानं गुरूला विचारावं तसं ती विचारते.

आता दुसरं बटण, ‘एन-डेरिव्ह’. कुठल्याही क्षणी बदलाचा दर काढून देणारं. चेंडू भिंतीकडे सेकंदाला २ मीटर वेगानं घरंगळत गेला, तिसऱ्या सेकंदाला आपटला आणि तितक्याच वेगानं परत आला. भिंतीपासूनचं अंतर २|X − ३|. तिसऱ्या सेकंदाला वेग किती? यंत्र सांगतं, शून्य. मुलगा म्हणतो, बरोबर, क्षणभर थांबलाच असणार. गुरुजीही टिकमार्क करतात.

मंडळी, इथे घोटाळा आहे. या समीकरणात त्या क्षणी वेगच नाही. आधी −२ आहे, नंतर +२ आहे, मध्ये नुसता कोपरा. यंत्र काय करतं? दिलेल्या क्षणाच्या ०.००१ पुढची आणि ०.००१ मागची किंमत घेतं आणि त्यांच्या फरकाला ०.००२ नं भागतं. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून शून्य. खरा रबरी चेंडू मात्र भिंतीवर दबतो आणि क्षणभर खरंच थांबतो! पण ते दबणं समीकरणात कुठेच नाही. म्हणजे उत्तर खरं आणि कारण भलतंच. धुळीला धूर समजून डोंगरावर आग असल्याचं अनुमान करावं आणि आग योगायोगानं निघावी, हा आपल्याकडच्या तार्किकांचा जुना पेच. १९६३ मध्ये एडमंड गेटियर यांनी तीन पानांच्या लेखात याच जातीचा पेच मांडला आणि पाश्चात्त्य ज्ञानमीमांसा हलली.

धूर की धूळ, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. चेंडू २ च्या वेगानं गेला आणि १ च्या वेगानं परत आला असं धरा. आता बटण सांगेल, −०.५. असा वेग त्या चेंडूला ना आधी होता, ना नंतर. तो −२ आणि +१ यांची सरासरी आहे, बस्स. आणि चिन्ह पाहा: हा वेग भिंतीच्या दिशेनं आहे, चेंडू भिंतीला टेकलेला असताना!

कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही, ०.००१ ची पायरी माहितीपुस्तिकेत दिलेली आहे, आणि हवी तर ती बदलता येते. आमची तक्रार शिकवण्याबद्दल आहे. बटणांची यादी पाठ करून घेतली जाते, पण कोणतं बटण प्रश्न विचारतं आणि कोणतं गुपचूप उत्तर देतं, हा फरक कुणी शिकवत नाही. पेपर काढणाऱ्यांनी हा दुसरा चेंडू एकदा घालून पाहावा. कॅल्क्युलेटर खुशाल द्यावा, −०.५ हे उत्तरही छापून द्यावं आणि इतकंच विचारावं: हा वेग कुणाचा?