‘पुन्हा प्रभारित करता येतो’, पण कसा?

बालभारतीच्या इयत्ता आठवीच्या ‘सामान्य विज्ञान’ या पाठ्यपुस्तकात (२०१८) धाराविद्युतीच्या प्रकरणात कोरडा घट, शिसे-आम्ल घट व निकेल-कॅडमियम घट यांची ओळख करून दिली आहे. मांडणी नेटकी आहे. शिसे-आम्ल घटाचे विभवांतर सुमारे २ व्होल्ट, निकेल-कॅडमियमचे १.२ व्होल्ट आणि हे दोन्ही घट पुन्हा प्रभारित करता येतात, एवढे विद्यार्थ्याला कळते. आक्षेप आहे तो पुढे. प्रभारित कसे करावे, हा प्रश्न तसाच राहतो.

भोर तालुक्यात, पुणे-सातारा महामार्गालगतच्या कामथडीसारख्या गावातील मुलाला हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. मालमोटारीत आणि बहुतेक इन्व्हर्टरना जोडलेली असते ती शिसे-आम्ल घटमाला. घरातल्या मोबाईलमध्ये असतो वरील तिन्हींहून निराळा लिथियम-आयन घट. आणि सर्वांसाठी सल्ला मात्र एकच ऐकू येतो : “बॅटरी पूर्ण उतरू द्या, मगच चार्जिंगला लावा.”

हा नियम आला कोठून? निकेल-कॅडमियम घट पुन्हा पुन्हा अर्धवटच वापरून लगेच प्रभारित केला, तर त्याचे विभवांतर लवकर घसरू लागते. म्हणून तो अधूनमधून सुमारे १ व्होल्टपर्यंत उतरवणे उपयोगी ठरते. अगदी शून्यापर्यंत मात्र नव्हे. नियमाचे कारण या एका घटाच्या रसायनात आहे. कारण सुटले, नियम उरला आणि तो भलत्याच घटांना लागू झाला.

शिसे-आम्ल घट वापरात असताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते. घट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिला, तर त्याचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि पुढे प्रभारणाने नीट विरघळत नाहीत. म्हणजे ‘पूर्ण उतरू द्या’ हा सल्ला येथे घातकच. हा घट वापरानंतर लवकर व पूर्ण प्रभारित करावा. प्रमाणाबाहेर प्रभारण झाले, तर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन सुटतात. म्हणून पाणी भरण्याची सोय असलेल्या घटमालेत डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी लागते आणि ती हवेशीर जागी, ठिणगीपासून दूर ठेवावी लागते.

लिथियम-आयन घटाला आधीचे अर्धवट वापर बाधत नाहीत. त्याला त्रास होतो तो उष्णतेचा आणि दीर्घकाळ पूर्ण भरलेले राहण्याचा. अगदी रिकामा ठेवणेही वाईट. साधारण २० ते ८० टक्क्यांदरम्यान वापरला, तर तो अधिक टिकतो. फार दिवस ठेवायचा असेल, तर निम्मा भरून थंड जागी ठेवावा.

पाठ्यपुस्तकात या साऱ्याला एक छोटा तक्ता पुरला असता : घट, त्यातील रासायनिक बदल, म्हणून घ्यायची काळजी. तो शिक्षकांनी फळ्यावर मांडावा. मुलांनी घरातील बॅटऱ्यांवरील प्रकार व विभवांतर वाचून, बॅटरी न उघडता, नोंद करून आणावी आणि कोणती कशी प्रभारित होते, ते कारणासह लिहावे. कोरडा घट चार्जरमध्ये घालू नये, हेही त्याच वेळी सांगावे. इन्व्हर्टरची घटमाला अकाली निकामी होणे कोणत्याही घराला परवडत नाही. आणि कारण न विचारता नियम पाळण्याची सवय विज्ञानाच्या वर्गालाही परवडू नये.