इल्म, फन आणि मराठी गझल : माधव ज्यूलियन ते सुरेश भट

मराठी गझलेचा इतिहास शिकविताना एक वाक्य ठरल्यासारखे उच्चारले जाते : माधव ज्यूलियन यांच्यापाशी गझलेचे ज्ञान होते, सुरेश भट यांच्यापाशी गझलेची प्रतिभा होती. वाक्य सुटसुटीत आहे. विद्यार्थ्यांच्या ते लगेच ध्यानात राहते आणि उत्तरपत्रिकेत त्याला गुणही मिळतात. त्याच्या पोटात मात्र ज्ञान आणि सर्जन यांच्या नात्याविषयीचा एक मोठा गैरसमज दडलेला आहे. विद्वत्ता ही कवीच्या पायातली बेडी, आणि बेडी नसलेला तोच खरा कवी, असे त्यातून नकळत सुचविले जाते. विशेष म्हणजे ही समजूत पसरविण्यात ज्ञानदानाचे काम करणाऱ्या अध्यापकांचाच वाटा अधिक आहे.

संस्कृत आणि उर्दू, दोन्ही काव्यविचारांना ही फारकत मान्य नाही. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त शक्ती, निपुणता आणि अभ्यास अशा तीन गोष्टी सांगितल्या. निपुणता येते ती लोकव्यवहार, शास्त्रे आणि पूर्वीची काव्ये यांच्या अवलोकनाने. अभ्यास करावयाचा तो काव्य जाणणाऱ्याच्या शिकवणुकीनुसार. पण मम्मटाचे खरे मर्म व्याकरणात आहे. तीन गोष्टी सांगूनही तो ‘हेतु’ हा शब्द एकवचनी योजतो. तिन्ही मिळून काव्याचे कारण एकच. दंडी तर त्याच्याही पुढे जाऊन, प्रतिभा तोकडी असली तरी श्रवण-अध्ययन आणि यत्न यांनी वाग्देवीची थोडीफार कृपा होतेच, असे आश्वासन देतो.

उर्दूत अल्ताफ हुसेन हाली यांचा ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’ हा ग्रंथ १८९३ सालचा. त्यांनीही कवीसाठी तीनच अटी घातल्या : तखय्युल म्हणजे कल्पनाशक्ती, कायनातचा म्हणजे सृष्टीचा मुताला, आणि शब्दांचा कसून शोध. मम्मटाचा ‘लोक’ आणि हालींची ‘कायनात’ यांत काही ऐतिहासिक देवघेव झाली असे म्हणावयाचे कारण नाही; तरी दोघेही कवीला पुस्तकाबाहेर पाहावयास लावतात हे साम्य दुर्लक्षिता येत नाही. उर्दू परंपरेत आपसूक सुचलेल्या शेराला ‘आमद’ आणि घडवून आणलेल्या शेराला ‘आवर्द’ म्हणतात. सर्वसाधारण समज असा की आमद श्रेष्ठ. हालींनी या समजुतीलाच आक्षेप घेतला. वाचताना सहज वाटणारा शेर रचतानाही सहज आला असेल, असे मानणे त्यांना भाबडेपणाचे वाटते.

मम्मट ज्याला काव्यज्ञाची शिकवण म्हणतो तिचे उर्दूतील रूप म्हणजे ‘इस्लाह’. दाग देहलवी आयुष्याच्या उत्तरकाळात हैदराबादेत होते, सहाव्या निजामाचे उस्ताद होते आणि १९०५ साली तेथेच वारले. तरुण इक्बाल आपल्या गझला पंजाबातून टपालाने त्यांच्याकडे दुरुस्तीसाठी पाठवीत. इस्लाह म्हणजे व्याख्यान नव्हे. उस्ताद शेरातला एखादा शब्द बदलतो, एखादा मिसरा फिरवितो, आणि शिष्याला आपल्याच ओळीत चूक दिसते. येथे ज्ञान निराळे उभे राहत नाही, ते ओळीतूनच हाती येते. मराठीत अशी उस्ताद-शागिर्द परंपरा गझलेपुरती नव्हती. अमृतराय, मोरोपंत यांच्या तुरळक गझलसदृश रचना दाखविता येतात, पण त्यांतून वाट मळली नाही. विसाव्या शतकात ती वाट आखावी लागली ती एका फारसीच्या प्राध्यापकाला.

माधव त्र्यंबक पटवर्धन यांचा जन्म १८९४ साली बडोद्याचा. पुण्यात आणि पुढे कोल्हापुरात त्यांनी फारसीचे अध्यापन केले. १९२५ साली त्यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ आला, १९२७ साली ‘छंदोरचना’ आली, १९३३ साली ‘गज्जलांजलि’. ‘छंदोरचने’ची १९३७ सालची वाढविलेली आवृत्ती हा मराठी छंदःशास्त्राचा आजही टाळता न येणारा ग्रंथ आहे. त्यात त्यांनी अरबी-फारसी अरूझमधील वजने मराठीच्या लघु-गुरूंत मांडली आणि त्यांना मराठी कानाला परकी न वाटणारी नावे दिली. ‘मफाईलुन्’ चार वेळा येणाऱ्या हजजची ‘वियद्गंगा’ झाली. रमलच्या एका प्रचलित प्रकाराची ‘देवप्रिया’ झाली. इक्बालांचा ‘तराना-ए-हिंदी’ ज्या वजनात आहे त्याला मराठीत ‘आनंदकंद’ म्हणतात.

हे काम यांत्रिक होते असे ज्यांना वाटते त्यांनी ते एकदा स्वतः करून पाहावे. उर्दूत शब्दाच्या शेवटचा दीर्घ स्वर गरजेप्रमाणे हलका करून वाचता येतो. ‘मेरा’मधील ‘रा’ कधी गुरू, कधी लघू. मराठी अक्षरगणवृत्त ही सवलत देत नाही. त्यामुळे जी चाल उर्दूत लवचीक आहे ती मराठीत आली की कडक होते, आणि मग कोणती वजने हा कडकपणा सोसतील व कोणती मोडतील, हे ठरवावे लागते. ते कोशातून ठरत नाही, त्याला कान लागतो. म्हणजे ‘छंदोरचना’ लिहिणारा विद्वान पानोपानी कवीचेच काम करीत होता.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. उमर खय्यामच्या रुबायांना ज्यूलियन यांनी एकदा नव्हे तीनदा हात घातला. १९२९ साली मूळ फारसीवरून, १९३१ साली ‘द्राक्षकन्या’त फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून, आणि तिसऱ्यांदा ‘मधुलहरी’त, हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९४० साली निघाले. मूळ भाषा उत्तम जाणणाऱ्याने इंग्रजी रूपांतरावरून पुन्हा भाषांतर का करावे? खय्यामने काय म्हटले आहे हे ज्ञानाने सांगितले होते. मराठीत ते कसे म्हणावे हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहत होता. फिट्झजेराल्डने मूळ शब्दांशी बरीच सैल वागणूक ठेवून इंग्रजीत एक सलग कविता उभी केली होती. ती सैल वागणूक फारसीच्या पंडिताला खुणावत असावी, असे मानावयास जागा आहे.

आता त्यांच्या गझलांवरील नेहमीचा आक्षेप. ‘गज्जलांजलि’तील पुष्कळ रचनांत वृत्त, यमक, अंत्ययमक सारे आहे, पण द्विपदी सुटी उभी राहत नाही; पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच भाव विस्तारत जातो. आक्षेप खरा आहे. त्यावरून ‘त्यांना गझल कळलीच नव्हती’ असा जो निष्कर्ष काढतात तो मात्र अर्धवट माहितीचा आहे. उर्दूत ‘मुसलसल गझल’ हा मान्य प्रकार आहे, आणि फारसी गझल शिकविणाऱ्या माणसाला शेराचे स्वातंत्र्य ठाऊक नसेल हे संभवत नाही. कारण दुसरीकडे शोधावे लागते. रविकिरण मंडळाच्या काळात मराठी कवितेची सगळी ओढ भावगीताकडे होती. एक अनुभव, एक सूर, एक आकार ही त्या काळाची अभिरुची. ज्यूलियन जाणत होते गझल, पण लिहिताना त्यांचा हात त्यांच्या पिढीचा होता. काय लिहावयाचे ते एकटे ज्ञान ठरवीत नाही. वाचक काय ऐकावयास तयार आहे, तेही लेखणीवर दाब आणते.

सुरेश भट (१९३२–२००३) अमरावतीचे. त्यांच्यापुढे श्रोता होता. मुशायऱ्यातील शेराची गंमत अशी की ऐकणाऱ्याला रदीफ आधीच ठाऊक असतो, काफियाचा अंदाजही येतो, आणि तरीही शेवटचा शब्द येईपर्यंत तो श्वास रोखून बसतो. पहिली ओळ अपेक्षा उभी करते, दुसरी ती पुरी करता करता वळविते. हे भटांनी मराठीत आणले. पण कोणत्या साधनांनी? १९७४ सालच्या त्यांच्या संग्रहाचे नाव ‘रंग माझा वेगळा’. याच नावाची लघु-गुरू मांडणी करून पाहावी : गालगागा गालगा. हा देवप्रियेच्या चरणाचा उत्तरार्ध आहे. प्राध्यापकाने नाव देऊन ठेवलेले वृत्त दुसऱ्याच्या तोंडी इतके बोलके झाले की ते वृत्त आहे हेही कोणाच्या लक्षात येत नाही. भटांची प्रतिभा वादातीत आहे. मात्र तिच्या पायाखालची फरशी कोणी घातली हे विसरले की ‘ज्ञान विरुद्ध प्रतिभा’ हे सोपे वाक्य तयार होते.

शिवाय भट स्वतः ज्ञानाला कमी लेखणारे नव्हते. नवोदितांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. तीत प्रत्येक द्विपदी ही एक स्वतंत्र कविता, अशी त्यांची ठाम भूमिका आहे. उर्दूच्या इल्म-ए-काफियात रवी, रिद्फ, कैद, तासीस अशा संज्ञांचे दाट जाळे आहे. मराठी गझलेने ते जवळजवळ बाजूला ठेवले आणि काफियाच्या न बदलणाऱ्या भागाआधीच्या स्थिर स्वराला ‘अलामत’ म्हणून एका शब्दात काम भागविले. उर्दूचा जुना जाणकार यावर नाक मुरडेल. परंतु हा संक्षेप अज्ञानातून आलेला नाही. नव्या भाषेतील नव्या कवीला नेमके काय हाताशी हवे, याची ती पारख आहे. लिहिणाऱ्याने आपल्या लिहिण्यातून शास्त्र पुन्हा मांडले, असे हे उदाहरण आहे.

त्या बाराखडीचे पुढे काय झाले, हे सांगणे अवघड नाही. आज मराठीत निर्दोष गझलांची वाण नाही. वृत्त चोख, अलामत चोख, आणि शेर निर्जीव. हालींनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उर्दू गझलेविषयी हीच तक्रार केली होती : आधीच्यांचे दिवाण वाचून पुढचे दिवाण तयार होतात, सृष्टीकडे कोणी पाहत नाही. त्यांच्या तीन अटींपैकी मधली गळाली की असे होते.

महाविद्यालयातील प्रश्नपत्रिकाही या गळतीला हातभार लावतात. ‘गझलेची वैशिष्ट्ये सोदाहरण लिहा’ या प्रश्नाला मतला, मक्ता, रदीफ, काफिया अशी यादी लिहून विद्यार्थी पूर्ण गुण मिळवितो, एकही गझल मोठ्याने न वाचता. त्याऐवजी फळ्यावर एक साधे वाक्य लिहावे : गाडी अजून नाही, बाजार बंद झाला. बाकावर ठेका धरून ते दोनदा म्हणावयास लावावे. गागाल गालगागा, गागाल गालगागा. ‘तराना-ए-हिंदी’ ज्याला पाठ आहे त्या मुलाला वजन लगेच सापडेल, आणि ‘आनंदकंद’ हे नाव मग दहा मिनिटांनी सांगितले तरी चालेल. वाक्य त्याच्या स्टँडवरचे आहे. त्याला जोडून दुसरी ओळ आणावयाची झाली तर ती त्यालाच शोधावी लागेल, आणि तेथे कोणतीही बाराखडी पुरी पडणार नाही.

ज्यूलियन यांच्या बाबतीत एक गोष्ट अजून उरते, आणि ती क्लेशदायक आहे. फारसी शब्दांचा कोश करणारे हेच विद्वान पुढे भाषाशुद्धीच्या चळवळीचे खंदे पुरस्कर्ते झाले. १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९३८ साली त्यांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ निघाला. स्वतःच्या आधीच्या काही काव्यांतील फारसी शब्दही त्यांनी पुढे बदलले. कोणता शब्द कोठून आला हे ज्याला सर्वांत नेमके ठाऊक, त्यालाच तो शब्द सर्वांत अचूक उपटताही येतो. त्यांच्या ज्ञानाने मराठीला एक दार उघडून दिले होते. तेच ज्ञान आता उंबरठ्यावर पहाऱ्याला बसले. भटांनी १९८३ साली आपल्या संग्रहाचे नाव ‘एल्गार’ ठेवले, तेव्हा हा पहारा त्यांनी मोजलाच नाही असे दिसते.

फळ्यावरच्या त्या वाक्याला शुद्धीचा नियम लावून पाहिला तर ‘बाजार’ जाईल, ‘बंद’ही जाईल. राहील ती गाडी, आणि ती तर अजून आलेलीच नाही.