वनस्पतिजन्य विषाणुरोधके आणि जैवविघटनशील वेष्टने : एक चिकित्सा

बीड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नारायणगड 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखले जाते. आषाढी एकादशीस तेथे मोठा भाविकसमुदाय लोटतो आणि हातांची स्वच्छता व अन्नाची वेष्टने हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. 2020 च्या करोना साथीनंतर कडुनिंब, तुळस, हळद यांतील संयुगांविषयी जे लेखन झाले, त्याची उपयुक्तता अशाच ठिकाणी तपासली पाहिजे.

या लेखनात जीवाणूंवरील प्रयोगाचा आधार घेऊन निष्कर्षात 'विषाणुरोधक' हा शब्द अनेकदा सहज योजला जातो. वस्तुतः हे दोन गुण भिन्न होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका सूत्रानुसार हस्तशुद्धिद्रवात 80 टक्के इथेनॉल असते. करोना विषाणूचे स्निग्ध आवरण त्यानेच भंग पावते. अशा द्रवात कडुनिंबाचा अर्क मिसळून परिणामाचे श्रेय अर्कास द्यावयाचे, तर अर्कविरहित द्रवाशी तुलना अपरिहार्य ठरते. ती नसेल तर कडुनिंब केवळ लेबलावरच उरतो. हळदीतील कर्क्युमिनबाबत कॅथरिन नेल्सन व सहकाऱ्यांनी 2017 मध्येच इशारा दिला होता की, हे अस्थिर संयुग चाचणीतच ढवळाढवळ करून फसवे निष्कर्ष देऊ शकते.

यात्रेच्या दृष्टीने अधिक गंभीर बाब अशी की, दूषित अन्नपाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस-ए व नोरो विषाणूंना स्निग्ध आवरणच नसते. त्यांच्यापुढे अल्कोहोलही उणे पडते. साबण आणि वाहते पाणी हाच भरवशाचा उपाय होय. अवर्षणप्रवण बीडमध्ये पाणीच दुर्मीळ, म्हणून बाटलीचा मोह स्वाभाविक आहे. परंतु त्यामुळेच बाटलीवरील दावा अधिक काटेकोर हवा.

वेष्टनांबाबत एक अंतर्विरोध दुर्लक्षित राहतो. स्टार्चच्या पातळ पापुद्र्यात लवंगेतील युजेनॉल किंवा ओव्यातील थायमॉल मिसळल्यास सूक्ष्मजीवांची वाढ रोखली जाते. पण तोच पापुद्रा मातीत कुजवण्याचे कामही सूक्ष्मजीवांनीच करावयाचे असते. शिवाय ही संयुगे बाष्पनशील आहेत. म्हणून साठवणीनंतर किती संयुग शिल्लक राहते आणि विघटनास किती दिवस लागतात, या दोन्ही नोंदी एकाच नमुन्यावर हव्यात. महाराष्ट्रात 2018 पासून प्लॅस्टिकबंदी लागू असताना 'जैवविघटनशील' हा शब्द बाजारात मोलाचा झाला आहे. विघटनाची चाचणी प्रयोगशाळेतील उष्ण कंपोस्टात न थांबवता बालाघाटच्या कोरड्या मुरमाड जमिनीतही घ्यावी, आणि तुलनेस पळसाची साधी पत्रावळ ठेवावी.