हसण्यावारी नेलेले दुःख

इंद्रियांच्या वैकल्यांत वाङ्मयाने मोठा पंक्तिप्रपंच केला आहे. अंधास त्याने नेहमीच मानाचे पान वाढले. पुत्रांचा विनाश केवळ कानांनी ऐकणारा धृतराष्ट्र करुणरसाचा विषय झाला. गुलाबराव महाराजांसारख्या सत्पुरुषास आपल्या भाषेने ‘प्रज्ञाचक्षु’ ही पदवी दिली. बहिऱ्यासाठी मात्र असा गौरवाचा शब्द आमच्या आढळात नाही. त्याच्या वाट्यास आला तो फार्स. एकाने एक विचारावे, त्याने भलतेच उत्तर द्यावे आणि प्रेक्षकांनी टाळ्या पिटाव्या, हा ठराविक साचा होय. या पंक्तिप्रपंचाचे मूळ शोधावयास लावणारी एक इंग्रजी कादंबरी आहे. दि. १ जानेवारी २०२५ रोजी कालवश झालेले डेव्हिड लॉज यांची ‘डेफ सेन्टेन्स’ (२००८) ही ती कादंबरी. तिचाच परामर्श येथे घेण्याचे आम्ही योजिले आहे.

नावातच श्लेष आहे. इंग्रजीत ‘डेफ’ म्हणजे बहिरा आणि ‘डेथ’ म्हणजे मृत्यू. ‘सेन्टेन्स’ म्हणजे वाक्य आणि शिक्षाही. देहान्त शिक्षेच्या जागी बहिरेपणाची शिक्षा, असा त्यातला ध्वनी. हा श्लेष मराठीत उतरणे कठीण. ग्रंथकारासही ही अडचण ठाऊक असावी, कारण त्याने हे पुस्तक आपल्या अनुवादकांसच अर्पण केले आहे. कथानायक डेस्मंड बेट्स हा मुदतीपूर्वी निवृत्त झालेला भाषाशास्त्राचा प्राध्यापक. जन्मभर ज्याने दुसऱ्यांची वाक्ये पारखली, त्यास आता समोरच्याचे वाक्य धड ऐकू येत नाही. आरंभीच एका चित्रप्रदर्शनाच्या गलबल्यात एक तरुणी त्याच्याशी बोलू लागते. हा काही न कळता मान डोलावीत राहतो आणि तिला भेटण्याचे कबूल करून बसतो. पुढचे बरेचसे घोटाळे या होकारातून उद्भवतात.

नायकाची ही स्थिती रंगविताना ग्रंथकाराने शास्त्रास कोठे बाध आणलेला नाही. उतारवयातील बहिरेपणा म्हणजे सारे जग हळू बोलू लागणे नव्हे. अंतःकर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत. आणि उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी बहुधा आधी जातात. भाषेतील स्वर जोरकस व खालच्या पट्टीचे असतात. उलट ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखी व्यंजने क्षीण व उंच पट्टीची. म्हणून ‘ताप’, ‘साप’, ‘शाप’ या शब्दांतील ‘आ’ कानावर स्वच्छ पडतो, पण ताप आला की साप आला, हे काही कळत नाही. ऐकणारा मग संदर्भावरून गाळलेली जागा भरतो. तर्क साधला तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. चुकला तर हशा पिकतो. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही,’ अशी त्याची तक्रार. आणि ‘हवे तेवढे बरोबर ऐकू येते!’ असा घरच्यांचा शेरा. ज्यास आपण मतिमांद्य समजून हसतो, तो वस्तुतः जागरूक बुद्धीचा फसलेला तर्क असतो, हे या कादंबरीइतके स्पष्टपणे आम्हांस अन्यत्र क्वचितच जाणवले.

आंधळेपण करुण आणि बहिरेपण हास्यास्पद, हा भेद स्वतः नायकच बोलून दाखवितो. अंधाचे दुःख दिसते. बहिऱ्याचे दिसत नाही, ऐकू येते ती फक्त त्याची चूक. म्हणूनच तो आपले व्यंग लपवू पाहतो. बेथोवेनने १८०२ साली भावांना उद्देशून लिहिलेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर सापडलेल्या पत्रात हीच वेदना आहे : ज्या इंद्रियात संगीतकाराने इतरांहून सरस असावे, तेच अधू झाल्याचे जगास सांगावे कसे? लॉज यांनी हसू टाळलेले नाही, आणि ते योग्यच आहे. त्यांनी केवळ हसणाऱ्याची जागा बदलली. प्रेक्षागृहातून उठवून त्यांनी वाचकास बहिऱ्याच्या कानापाशी नेऊन बसविले.

कादंबरीचा सर्वांत सरस भाग म्हणजे वृद्ध पित्याचे चित्र. एके काळी नृत्यवाद्यवृंदात वाजविणारे हे गृहस्थ लंडनमध्ये एकटेच राहतात, आणि त्यांनाही कमी ऐकू येते. बापलेकांचा संवाद म्हणजे दोन बहिऱ्यांची गाठ. वाचक हसतो, पण पुत्र त्या खुर्चीत आपलेच भविष्य पाहत आहे हे जाणवून ते हसू मावळते. या दोन्ही चित्रांचे मूळ आपल्या अनुभवात असल्याचे लॉज यांनी ग्रंथातच नमूद केले आहे. त्या मानाने तरुणीचे उपकथानक बेतलेले वाटते; तिचे गूढ वाढते, पण तिचे अंतरंग उलगडत नाही. तेवढा भाग आखडता घेतला असता तर ग्रंथाची शोभा वाढती.

बहिरेपण हे एकट्याचे दुखणे नसून साऱ्या घराचे असते, ही गोष्ट नायकाच्या पत्नीच्या चित्रणाने पटते. पुनःपुन्हा तेच सांगण्याचा तिला येणारा वीट आणि पुनःपुन्हा विचारण्याची त्यास वाटणारी लाज, दोन्ही खरी आहेत. श्रवणयंत्र शब्दाबरोबर भांड्यांचा खणखणाटही वाढविते. ते चष्म्यासारखे लावताच सारे लख्ख करीत नाही. म्हणून यंत्राइतकीच बोलणाराची रीतही महत्त्वाची. समोर येऊन, तोंडावर उजेड ठेवून, न ओरडता बोलावे. न कळल्यास तेच शब्द न घोकता वाक्य बदलावे. नायक ओष्ठवाचनाच्या वर्गात जातो. जेथे सारेच कमी ऐकतात, तेथे चुकीचे ऐकणे हा कोणाचाच अपराध नसतो. त्या प्रसंगांतील मोकळेपणा आम्हांस फार आवडला.

आमच्या घरांतही चष्मा विद्वत्तेचे लक्षण ठरतो आणि श्रवणयंत्र केसांआड दडविले जाते. कर्णपरीक्षा तर लांबणीवरच पडते. वास्तविक तीत भिण्यासारखे काही नाही. शांत खोलीत बसवून साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे शुद्ध स्वर एकेका कानास ऐकवितात आणि प्रत्येक स्वर किमान किती डेसिबेलला ऐकू आला ते आलेखावर मांडतात. हाडावाटे ध्वनी देऊन दोष बाह्य वा मध्यकर्णात आहे की अंतःकर्णात, हेही पाहतात. साठलेला मळ किंवा फाटलेला पडदा यांवर उपाय असतात; ते न करता मनुष्यास वर्षानुवर्षे विनोदाचा विषय करून ठेवणे हा अन्याय होय.

ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे हल्ली जेवताना गप्प बसू लागली आहेत, त्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. अशा मौनास आपण वार्धक्याची विरक्ती समजतो. पुष्कळदा ती विरक्ती नसते. चुकीचे उत्तर देऊन हसे होण्यापेक्षा न बोललेले बरे, इतकाच त्याचा अर्थ असतो.