एकरूप प्रश्न, अनेकार्थी उत्तर : मोबाइल जालांच्या प्रमाणित एपीआयचे परीक्षण

मोबाइल कंपन्यांच्या ‘जीएसएमए’ या जागतिक संघटनेने फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्सिलोना येथे ‘ओपन गेटवे’ हा उपक्रम घोषित केला, तेव्हा २१ कंपनीसमूहांनी त्यास संमती दिली होती. भारती एअरटेल त्यांपैकी एक होय. एका संगणकप्रणालीने दुसरीस प्रश्न कोणत्या साच्यात विचारावा आणि उत्तर कोणत्या साच्यात स्वीकारावे, यासंबंधीची नियमावली म्हणजे एपीआय. प्रत्येक कंपनीची नियमावली निराळी असल्यास बँकेसारख्या ग्राहकास प्रत्येकीशी नव्याने जुळवून घ्यावे लागते. ते टाळण्यासाठी लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाखालील ‘कॅमारा’ प्रकल्पात सामाईक नियम लिहिले जातात. हेतू स्तुत्य आहे, यात वाद नाही. परंतु साच्याची एकरूपता साधली म्हणजे अर्थाची एकरूपता साधली, असे जे गृहीत धरले जाते, ते तपासून पाहणे आवश्यक आहे.

हा प्रयत्न पहिला नव्हे. १९९८ साली ‘पार्ले’ गट स्थापन झाला. पुढे जीएसएमएचाच ‘वनएपीआय’ आला. २०१० साली मोठ्या गाजावाजाने जाहीर झालेला ‘होलसेल ॲप्लिकेशन्स कम्युनिटी’ हा संघ २०१२ मध्ये गुंडाळला गेला. जुने साचे प्रणालीकारांना क्लिष्ट वाटत, आताचे सुटसुटीत आहेत, असे या अपयशांचे स्पष्टीकरण बहुधा दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. अडचणीचे मूळ साच्याच्या खाली, कंपन्यांच्या नोंदवह्यांत आहे.

याचे उत्तम उदाहरण सिमकार्डाच्या बदलाविषयीच्या एपीआयचे. दुसऱ्याच्या क्रमांकाचे नवे सिमकार्ड लबाडीने मिळवून बँकेचा सांकेतिक अंक हस्तगत करणाऱ्यांना अडविण्यासाठी बँक विचारते : या क्रमांकाचे कार्ड गेल्या अमुक तासांत बदलले काय? कॅमाराच्या नियमानुसार हा अवधी २४०० तासांपर्यंत मागता येतो. न सांगितल्यास २४० तास धरला जातो. उत्तर केवळ होय अथवा नाही. याहून सरळ रचना क्वचितच आढळेल! तथापि ‘बदलले’ म्हणजे केव्हा? दुकानातील अर्ज मंजूर झाला तो क्षण, की नवे कार्ड जालावर प्रथम उमटले तो? पहिली नोंद ग्राहकव्यवहाराच्या प्रणालीत असते, दुसरी जालाच्या ग्राहकनोंदीत. त्या दोन्ही भिन्न काळी, भिन्न उत्पादकांकडून घेतलेल्या असू शकतात. विलीनीकरणातून घडलेल्या कंपनीत तर अशा नोंदवह्यांच्या जोड्याच असण्याचा संभव. बदलाचा दिनांक मागितल्यास गुंता अधिकच वाढतो. कार्ड कधीच बदलले नसेल तर ते प्रथम कार्यान्वित झाल्याचा दिनांक उत्तरात येऊ शकतो. म्हणजे एकाच रकान्यात दोन निराळ्या घटना नांदतात. स्थानिक कायद्यामुळे जुनी माहिती देता येत नसेल, तर रकाना रिक्तही राहू शकतो. रिकामेपणाचा अर्थ बँकेने निर्दोषपणा असा लावला, तर दोष कोणाचा?

भारतात २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलता येते. त्यामुळे क्रमांकाच्या आरंभीच्या अंकांवरून कंपनी ओळखण्याची सोय उरली नाही, आणि प्रश्न कोणास विचारावा हे ठरविणे हेच पहिले काम होऊन बसले. शिवाय स्थलांतरित ग्राहकाचा पूर्वेतिहास जुन्या कंपनीकडे राहतो. नवीच्या दृष्टीने त्याचे कार्ड प्रथमच कार्यान्वित झालेले असते. १ जुलै २०२४ पासून ‘ट्राय’ने कार्डबदलानंतर ७ दिवस क्रमांकाच्या स्थलांतरास प्रतिबंध केला आहे. एपीआयच्या प्रश्नोत्तरात जी फट राहते तिचा काही भाग अशा रीतीने नियमाने बुजविला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

दर्जेदार जोडणी मागण्याच्या एपीआयविषयी थोडक्यात इतकेच, की तेथे दर्जाच्या श्रेण्यांना नावे सामाईक दिली गेली. त्या नावांमागील वेग व विलंब मात्र प्रत्येक कंपनीच्या स्वाधीन राहिले. भारतात २०१८ साली दूरसंचार विभागाने जालतटस्थतेची तत्त्वे स्वीकारली, विशेष सेवांना त्यांतून वगळले. मोबदला घेऊन दिलेला वाढीव दर्जा कोणत्या बाजूस पडतो, हे ठरविण्याचा भारही अखेर कंपनीवरच येतो.

संमतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. माहिती कंपनीजवळ, ग्राहकाचा व्यवहार बँकेशी आणि मध्ये विक्रेता, अशी ही साखळी असते. एरिक्सन व १२ कंपन्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये घोषित केलेला, पुढे ‘अदुना’ या नावाने आलेला सामाईक उद्योग अशाच मध्यस्थीचा आहे. एअरटेल व जिओ दोन्ही त्यात आहेत. २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षण कायद्याच्या भाषेत या साखळीत संमती कोणी मागावी व कोणी जपावी, याचे उत्तर तांत्रिक नियमावली देऊ शकत नाही.

उत्तरदायित्वाची स्थिती तशीच आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने बँक व ग्राहक यांच्यातील हानीची विभागणी स्पष्ट केली. दोष दोघांचाही नसेल व ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर त्याच्यावर भार पडत नाही, असे त्यात म्हटले होते. परंतु कंपनीने ‘नाही’ असे चुकीचे उत्तर दिले आणि त्यावर विसंबून बँकेने रक्कम सोडली, तर ती हानी दोघींत कशी वाटावी, हे प्रमाणित नियमावलीच्या कक्षेबाहेरच राहते आणि प्रत्येक करारात नव्याने ठरवावे लागते.