'ही', 'दे' आणि आपला 'उघडतो'

संगणकाच्या आज्ञावलीत काही ओळी अशा असतात की त्या संगणक वाचतच नाही. पुढे ती आज्ञावली दुरुस्त करणाऱ्या माणसासाठी ती टिपणे असतात. नोव्हेंबर 2013 मध्ये 'लिबयूव्ही' या संचातल्या अशाच मजकुरावरून मोठा वाद झाला. (फायली वाचणे, जाळ्यावरून माहिती पाठवणे ही कामे 'नोड.जेएस' या संचामार्फत करते.) वापरणाऱ्यासाठी तेथे पुल्लिंगी सर्वनाम होते, इंग्रजी 'ही'च्या घराण्यातले. आपल्या कानाला 'ही' स्त्रीलिंगी वाटते, ती गंमत वेगळी! त्याजागी 'दे'चे रूप घालावे, असे एकाने सुचवले. संचाच्या एका प्रमुख लेखकाने बदल क्षुल्लक म्हणून नाकारला. सहकाऱ्याने तो स्वीकारला, तर याने रीत पाळली नाही म्हणून तो पुन्हा काढून टाकला.

'क्षुल्लक' हे कारण मला पटत नाही. बदल इतका लहान असेल, तर तो घ्यायला वेळ तरी किती लागणार? एकवचनी 'दे' अशुद्ध आहे म्हणावे, तर ते इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. आणि संगणकाशी बसलेला माणूस पुरुषच, हे आले कुठून? 1945-46 साली 'एनिॲक'ची आज्ञावली बसवणाऱ्या पहिल्या सहाही जणी स्त्रिया होत्या.

पण दुसऱ्या बाजूचे वागणेही मला खटकते. नोड.जेएसचा कारभार पाहणाऱ्या कंपनीने जाहीर लिहिले, की हा गृहस्थ आमच्या नोकरीत असता तर आम्ही त्याला काढले असते. तो डच होता. इंग्रजी त्याची मातृभाषा नव्हे. पुढे त्याने लिबयूव्हीचे काम सोडले. एका सर्वनामासाठी एवढे?

इंग्रजीत सर्वनाम बदलले की काम भागते. आपल्याकडे 'वापरकर्ता फाईल उघडतो' यात नामही पुल्लिंगी आणि क्रियापदही. मग 'फाईल उघडा' म्हणावे, किंवा 'फाईल उघडली जाते'. तेथे क्रियापद फाईलमागे जाते, माणसामागे नाही. भूतकाळात तर 'त्याने उघडली', 'तिने उघडली', क्रियापद एकच. अडचण वर्तमानकाळाची. संगणकाच्या धड्यातले एक पान वर्गात असे बदलून लिहायला द्यावे. 'विद्यार्थी नोंद करतो'चे 'विद्यार्थी नोंद करतात' सहज होते. 'प्रोग्रॅमर चूक शोधतो' येथे मात्र मुले थबकतील, आणि कोणीतरी विचारेल, 'शोधते' का नको?