मायना आणि मजकूर : पटवर्धनी पत्रांतील पितापुत्र

ऐतिहासिक पत्रांचे वाङ्मयीन मूल्यमापन करू जाता एक आक्षेप हटकून पुढे येतो. ही पत्रे कामकाजाची; त्यांत मनोगत नाही; सबब ती इतिहासाची साधने खरी, पण वाङ्मय नव्हे, असा तो आक्षेप होय. निदान छावणीतील पुत्र व घरी राहिलेला पिता यांच्या पत्रांत तरी हृदयाचा ओलावा आढळावा, अशी वाचकाची अपेक्षा असते. ती पुरी झाली नाही की हा आक्षेप त्यास पटू लागतो. वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तून पटवर्धन घराण्याच्या दप्तरातील पत्रे प्रसिद्ध केली. त्यांतील गोविंद हरी व त्यांचे पुत्र गोपाळराव यांचा पत्रव्यवहार या आक्षेपाची परीक्षा पाहण्यास सर्वथा योग्य आहे.

पुत्राच्या पत्राचा आरंभ वडिलांस ‘तीर्थरूप’ अथवा ‘तीर्थस्वरूप’ म्हणून, स्वतःस ‘अपत्य’ म्हणवून व साष्टांग नमस्कार निवेदून करावयाचा, आणि शेवट ‘विज्ञापने’ने करावयाचा, अशी त्या काळाची रूढी होती. पिता पुत्रास ‘चिरंजीव’ संबोधी व आशीर्वादाने समाप्ती करी. मायना व समाप्ती यांमधील जागा मुक्काम, कूच, शत्रूची हालचाल, फौजेचा खर्च, दाणावैरण आणि प्रकृतिमान यांनी व्यापलेली असते. आधुनिक वाचक मायना ओलांडून मजकुराकडे वळतो आणि तेथे भावना शोधतो. या शोधाची दिशाच मुळात चुकीची आहे. नात्याचा उच्चार मायन्यात एकवार झाला की मजकुरात तो पुन्हा करण्याचे प्रयोजन लेखकास उरत नाही. लाखोंच्या जहागिरीचा कारभार व हजारोंची फौज ज्याच्या शब्दावर चाले, तो सरदार कागदावर प्रथम अपत्य होतो आणि मग रणवृत्त सांगतो. हा क्रम अर्थशून्य नाही. वडिलांस काहीही न वगळता सर्व कळविणे हीच येथे प्रीतीची रीत आहे. त्रोटक पत्र हीच उपेक्षा ठरते.

तथापि सर्व कळविणे नेहमी शक्य नसे. १७६२ च्या नोव्हेंबरात आळेगाव येथे माधवराव पेशव्यांचा पराभव होऊन सत्ता रघुनाथरावांच्या हाती गेली. रघुनाथरावांनी मिरजेवर चाल केली, किल्ला पटवर्धनांच्या हातून गेला आणि गोपाळराव निजामाच्या आश्रयास गेले. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवन येथे निजामाचा मोड झाल्यावर पटवर्धनांची स्थिती पुन्हा सावरली. अशा काळात पत्र वाटेत परक्याच्या हाती पडले तर जीव व जहागीर दोन्ही धोक्यात येत. म्हणून त्या काळच्या पत्रांत नाजूक विषय आला की पत्र घेऊन जाणारा मुखजबानी सांगेल, अशा अर्थाचे वाक्य येते व लेखणी थांबते. या वाक्याकडे समीक्षकाने विशेष लक्ष द्यावयास हवे. पत्राचा गाभा पत्राबाहेर आहे, हे पत्रच येथे सांगते. जे लिहिले त्यावरून मनोगताचा अभाव सिद्ध करणे म्हणजे जासुदाच्या तोंडची अर्धी बाजू न ऐकता निवाडा देणे होय.

खरेशास्त्री स्वतः कवी व नाटककार होते. परंतु त्यांनी पत्रे कालक्रमाने लावली ती राजकीय वृत्तान्त सिद्ध करण्यासाठी. पुष्कळशा मोडी पत्रांवर तिथी असते पण वर्ष नसते; ते अंतर्गत पुराव्यावरून ठरवावे लागते. हे कष्टाचे काम त्यांनी केले, आणि त्यांच्या मांडणीमुळे वाचकाची दृष्टीही घटनांवरच खिळून राहिली. घटनाक्रम बाजूस ठेवून केवळ पितापुत्रांची पत्रे सलग वाचली, तर निराळा ग्रंथ हाती येतो. त्याचा अंत करुण आहे. १७७१ साली आधी गोपाळराव व मागाहून गोविंद हरी निवर्तले. ज्यास ‘चिरंजीव’ म्हणून लिहावे तो पित्याच्या आधी गेला.

या वाचनास एक मर्यादाही आहे. जपली गेली ती सरदारांची पत्रे. आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुकसारख्या गावाहून एखादा बारगीर मोहिमेवर गेला असेल, तर त्याचा निरोप बापास परतणाऱ्या गाववाल्याच्या तोंडीच मिळावयाचा. त्याचे दप्तर होणे नव्हते. सामान्य शिपायाचे शब्द मोठ्या प्रमाणावर कागदावर राहिले ते पहिल्या महायुद्धात, आणि तेही परभाषेत. फ्रान्समधील हिंदी सैनिकांची पत्रे तपासण्यासाठी १९१४ च्या अखेरीस बूलोन येथे सरकारी व्यवस्था झाली. तेथील अहवालांत पत्रांचे इंग्रजी उतारे आहेत. ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रे बहुतेक हाती लागत नाहीत. तपासनिसास हवा होता तो मजकूर. नमस्कार-आशीर्वाद त्याच्या उपयोगाचे नव्हते, म्हणून उताऱ्यांतून ते बहुधा गळाले. कोणत्या पुत्राने पित्यास कसे संबोधिले, हे त्यामुळे फारसे कळत नाही.

पटवर्धनी पत्रांत मायना शाबूत आहे. तो ओलांडून मजकुराकडे धावणारा अभ्यासक नकळत त्या तपासनिसाचेच काम करतो. मराठी पत्रवाङ्मयाचा अभ्यास मायन्यापासूनच सुरू व्हावयास हवा.